किराणा यादी

पहिली गेली ती अंडी.
वडगावच्या भाड्याच्या खोलीत, मोरीच्या आडोशाला
दोन कोंबड्या पाळल्या तेव्हा.
घरमालकीण म्हणाली, घाण होते.
तिला आठवड्याला चार अंडी द्यायला लागले,
मग घाण व्हायची थांबली.

त्यानंतर चहातली साखर.
तिच्या जागी काही आलं नाही, नुसतीच गेली.
मग ह्यांची बस. उद्यमबागेपर्यंत सायकल,
लेथवर दहा तास उभं राहून परत सायकल.
हे यायचे केसांत लोखंडाचा कीस घेऊन,
मी मागावरून सुताचा भुगा घेऊन.
सुकन्या म्हणायची, तुम्हा दोघांच्या डोक्याचा मिळून
भांडी घासायचा एक चांगला बोळा होईल.

सहा वर्षं.
भिशी दोनदा उचलली,
एकदा तिच्या डोळ्याला लागली, एकदा जमिनीला.
बावीस गुंठे, कुसमळीच्या पुढं, तांबडी माती,
दोन फणस, एक आंधळी विहीर.
उतारा कानडीत.
सुकन्यानं बोट ठेवून दाखवलं, बाबा, हे तुमचं नाव.
भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी टम्म अक्षरं.
हे बघतच राहिले.
‘मी एवढा गोल हाय काय की,’ म्हणाले.

पहिल्या साली रताळी लावली, डुकरांनी उकरली.
नाचणी कापायला आली त्या रात्री
गवा येऊन गेला, शांतपणे, पाहुण्यासारखा.
शेळी आणली गाभण म्हणून;
ती गाभण नव्हती, लठ्ठ होती.
त्या वर्षी रेशनच्या तांदळावर काढलं
आणि कुणाच्या लग्नाला गेलो नाही,
आहेर वाचावा म्हणून.
हे कुणाला सांगितलं नाही. ताप आला म्हणालो. तीनदा.

बांधावरचा मष्णू म्हणाला,
‘डुकराला जे आवडत न्हाई ते लाव गे.’
म्हणून हळद. म्हणून मिरची. म्हणून आलं.
विहिरीतला गाळ काढला तेव्हा
मल्लव्वाची तिन्ही पोरं उतरली,
मजुरी म्हणून दोन फणस मागितले, कच्चेच.
कप्पी ह्यांनी स्वतः कातलेली,
कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी, मालकाला विचारून.
अजून कुरकुरत नाही.

जांबोटीला शिवपुत्रप्पांचं दुकान.
दर महिन्याला माझी यादी बोटभर आखूड.
हळद गेली, तिखट गेलं, चिंचेच्या जागी दारचं आमसूल,
मग तूरडाळ, कारण कुळीथ पिकला
आणि कुळथाचाच कंटाळा पिकला.
एक दिवस त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
‘अक्का, दुसरं दुकान धरलंस काय? माझं काय चुकलं?’
मी सगळं सांगितलं.
ते वजनं पुसत राहिले.
‘आणि तेल?’
तेल घेणार ओ. तेल, मीठ, काडेपेटी.
‘बरं,’ म्हणाले, जरा सावरून.
मग विचारलं, हळद किती किलो निघाली.

रात्री हे वहीत मांडतात
अजून काय काय बाहेरून येतं.
मीठ. तेल. सुकन्याचा बसपास.
डोळ्याचे थेंब, जे कुठल्या झाडाला लागत नाहीत.
हे म्हणतात, कमी होत आलं.
मी म्हणते, होय.

परवा वांग्याचं बी बांधायला कागद हवा होता.
तिच्या जुन्या दप्तरात सापडला, चार घड्या घातलेला.
सातवीची सहल, म्हैसूर, दोन मुक्काम,
साडेआठशे रुपये, पालकांची सही.
सहीची जागा रिकामी.
तिनं आम्हाला विचारलंच नव्हतं.
मी घडी होती तशी घातली, होता तिथं ठेवला,
बी फडक्यात बांधलं.

ह्या महिन्याच्या यादीत
मीठ, तेल, काडेपेटी,
आणि खाली साखर, एक किलो.
शिवपुत्रप्पांनी दोनदा वाचलं.
‘पाव्हणे आलेत काय अक्का?’
न्हाई ओ, म्हटलं. घरचेच.